पेन्सिल टूल की पेन टूल?
इंकस्केपमध्ये (वेक्टर चित्रं काढायचा प्रोग्राम) अक्षरं काढताना पेन्सिल टूलने हवं तसं गिरवा आणि मग कंट्रोल+एल (सिम्प्लिफाय) दाबून नोड, म्हणजे रेषेचा आकार ठरवणारे बिंदू, कमी करा, असं एकाने सुचवलंय. झाडंझुडपं, केस यांना चालेल, अक्षरांना नाही. नोड कुठे ठेवायचे ते सिम्प्लिफाय स्वतःच ठरवतं, आणि दोन-तीनदा दाबलं की कोपऱ्यांची धार जाते.

त्यापेक्षा एक वर्तुळ काढा, शिफ्ट+कंट्रोल+सी ने त्याचा पाथ (नोडांनी बनलेली रेषा) करा आणि एन दाबून (नोड टूल) बघा. नोड चारच: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. हँडल (नोडमधून निघणाऱ्या, वळणाचा बाक ठरवणाऱ्या दांड्या) अगदी आडवी किंवा उभी, त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट लांब. 'व'चं पोट पेन टूलने (यात एकेक नोड आपण स्वतः ठेवतो) काढताना नोड असेच टोकांवर ठेवायचे. हँडल ओढताना कंट्रोल धरलं की ते १५ अंशांच्या टप्प्यांतच फिरतं, त्यामुळे माउसवरही (टॅब्लेट नसला तरी) सरळ बसतं.