कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी ॲप: रोजची विचारपूस हवी की नको?

धागाकर्ता: आमच्या पुण्यातील कंपनीसाठी मी कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचे ॲप तयार करत आहे. सकाळी लॉगिन केल्यावर पाच चेहरे दिसतात, त्यांतला एक निवडायचा. आठवड्याअखेरीस मॅनेजरला टीमची केवळ सरासरी दिसते, कोणाचेही नाव दिसत नाही. राजीनामा हाती पडण्याआधी ताणाची चाहूल लागावी, एवढाच हेतू आहे. विरोधी मतेही मोकळेपणाने मांडावीत.

पहिला प्रतिसाद: हेतूबद्दल शंका नाही, रचनेबद्दल आहे. पाच जणांच्या टीमची सरासरी एकाएकी घसरली आणि त्याच आठवड्यात एकाची मॅनेजरशी खडाजंगी झालेली असली, तर नाव लपवून काय साधले? शिवाय अप्रेझल तोंडावर असताना ऑफिसच्या लॅपटॉपवर रडका चेहरा कोण निवडेल? ऑफिसची सॉफ्टवेअर किती वापरली जातात हे मोजणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मध्ये कर्मचारीनिहाय आकडे दिसत असत, २०२० मध्ये टीकेची झोड उठल्यावर कंपनीने नावे काढून टाकली.

धागाकर्ता: दहापेक्षा कमी उत्तरे आल्यास सरासरी दाखवायचीच नाही, अशी अट घालता येते. शिवाय रडका चेहरा निवडताच सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक पडद्यावर येतो. समुपदेशकाची पायरी कधीच न चढणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजताही तिथे बोलता येते.

दुसरा प्रतिसाद: हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ॲप, ध्यान, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग यांत भाग घेणारे इतरांपेक्षा सुस्थितीत असल्याचे त्यांना आढळले नाही. रात्री आठनंतरचे कॉल आणि नामंजूर झालेल्या रजा यांची नोंद कंपनीकडे असतेच. चेहरे विचारण्यापेक्षा तीच टीमनिहाय मांडा.

पहिला प्रतिसादक: तो अभ्यास एकाच वेळच्या नोंदींवर बेतलेला होता, आधीच त्रासलेली माणसे अशा उपक्रमांकडे अधिक वळली असण्याची शक्यता त्यातून पुरती निकालात निघत नाही. आणि कॉलची नोंद ठेवणे ही पाळतच नव्हे का? २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरण्याची वाट मालकाला ठेवलेली आहे, हे विसरू नये. रजांचा तक्ता मात्र मला मान्य आहे, कारण तो मॅनेजरला जाब विचारतो.

धागाकर्ता: नेमका म्हणूनच तो मंजूर होणार नाही. ज्यांच्याकडून पैसे मिळायचे आहेत, त्यांच्यापुढे त्यांनीच नाकारलेल्या रजा ठेवल्या, तर प्रकल्प बैठकीतच गुंडाळला जाईल. त्यापेक्षा निनावी चेहरे आणि १४४१६ एवढे तरी पदरात पाडून घ्यावे, हे माझे मत कायम आहे.