बातमीखाली लिहायचं तर आधारवरचं नाव सक्तीचं म्हणे!

मुठाकाठ
काल एका ज्येष्ठ पत्रकारांची पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरत होती. म्हणणं थोडक्यात असं: बातम्यांच्या संकेतस्थळांवर प्रतिक्रिया द्यायची तर आधारकार्डावरचं पूर्ण नाव सक्तीचं करा, घाण आपोआप थांबेल. ज्याला नाव सांगता येत नाही त्याच्या मताला किंमत शून्य. खाली 'अगदी बरोबर सर' म्हणणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून लिहितेय.

पुण्यात राहून हे लिहिताना लोकहितवादी आठवत नाहीत? १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांची शंभराहून जास्त पत्रं आली. पुण्याच्या ब्राह्मणांचा आळस, पोथीपांडित्य, बायकांचे हाल, काहीही सोडलं नाही. खाली गोपाळ हरी देशमुख हे खरं नाव नव्हतं. गृहस्थ सरकारी नोकरीत होते आणि त्याच समाजात त्यांना राहायचं होतं. नाव सक्तीचं असतं तर त्यातली किती पत्रं लिहून झाली असती?

दुसरं असं की आपल्याकडे आडनाव आलं की जात आली, गाव आलं, सगळंच आलं. आरक्षणाच्या बातमीखाली कुणी अभ्यास करून दहा ओळी लिहू देत, पहिलं उत्तर त्या ओळींना नसतंच, आडनावाला असतं. 'तुम्ही लोक असंच म्हणणार!' हे दोन्ही बाजूंनी चालतं. आणि नाव बाईचं असलं तर आधी तिचा फोटो शोधतात, इनबॉक्समध्ये घुसतात, मुद्दा राहतो बाजूला.

मी शासकीय सेवेत आहे. १९७९ चे वर्तणूक नियम माझ्या डोक्यावर आहेत, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायची सोय नाही. माझ्या खात्यात काय चालतं ते मला रोज दिसतं. मग ते ठाऊक असलेल्यांनी गप्प बसायचं आणि ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांनी छातीठोक नावानिशी बोलायचं, असंच ना?

वसंतकाका, कोथरूड
मुद्दे चांगले मांडलेत, पण लोकहितवादींच्या आड लपू नका. त्या पत्रांच्या आणि वाचकांच्या मध्ये भाऊ महाजनांसारखा संपादक होता. छापून आलं की जबाबदारी संपादकाची. १८९७ मध्ये टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली ती 'केसरी'त छापलेल्या मजकुरावरूनच ना? आजच्या बातमीखाली जबाबदार कोण?

मी वर्षानुवर्षं वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहिलंय. पोस्टकार्डावर पूर्ण नाव, पत्ता, फोन. पेपरातून फोन यायचा, 'पत्र तुमचंच ना?' त्या धाकानं माणूस शब्द तोलायचा. पाणीकपातीवर लिहायचं तर आधी खडकवासल्यात साठा किती ते बघून घ्यायचो. आता महापालिकेच्या साध्या बातमीखाली आयाबहिणींवरून शिव्या. नाव लिहायला लावा, निम्मे गप्प बसतील.

पेठेतला_भाडेकरू
बसतील. पण कुठले निम्मे? फेसबुकवर बघा. लेकीला कडेवर घेतलेला फोटो, खाली स्वतःचं नाव, कंपनीचं नाव, आणि त्याच आयडीवरून अनोळखी मुलीला बलात्काराची धमकी. त्यांना नावाची लाज वाटत नाही. गप्प बसणार ते माझ्यासारखे. खोली शोधताना फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, किल्ली कधी न्यायची तेसुद्धा. मग 'आडनाव काय म्हणालात?' आणि लगेच 'अहो, ती कालच गेली'. आता जिथं राहतो तिथले मालक रोज सकाळी तोच पेपर वाचतात. मी नावानिशी जातीवर लिहू?

आणि काका, तुमचं आडनाव कुठंय?

वसंतकाका, कोथरूड
मला इथं सगळे ओळखतात.

पेठेतला_भाडेकरू
मी नाही ओळखत.

वसंतकाका, कोथरूड
व्यक्तिगत व्हायची गरज नाही. तुमचं दुःख मला कळतं, पण म्हणून सगळ्या गावाला बुरखे वाटू नका.

खानावळ_कर्वेरोड
मी काकांच्या बाजूनं आहे, आणि कारण ऐका. आमच्या भागात मुलांना विषबाधा झाल्याची बातमी आली होती. बातमीत कुठल्याच मेसचं नाव नव्हतं. खाली कुणीतरी आमचं नाव टाकलं आणि लिहिलं, 'इथंच झालं, आमटीत झुरळं असतात.' त्याचा स्क्रीनशॉट मुलींच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारचे डबे भरून तयार, न्यायला कुणी नाही. पोळ्यांना येणाऱ्या दोन मावशींना 'उद्यापासून नका येऊ' असं मला सांगावं लागलं. लिहिणारा कोण, तर 'पुणेकर' आणि पुढं चार आकडे. मावशींच्या घरी चूल कशी पेटली हे त्याला कोण विचारणार?

कोर्टकचेरी
ताई, वाईट झालं. पण टोपणनाव घेतलं म्हणजे कायद्यापासून सुटका नाही. बदनामीला न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. आयपी ॲड्रेस, मोबाइल नंबर कोर्टामार्फत मागवता येतो. कोर्टाचा आदेश आल्यावरही मजकूर काढला नाही तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराला संकेतस्थळ जबाबदार नाही हे, जातं.

नावसक्ती करून बघितलेला देश आहे, दक्षिण कोरिया. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहायचं तर राष्ट्रीय ओळख क्रमांकावरून खात्री करून घेत. २०११ मध्ये एकाच कंपनीच्या सेवांवरून सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं कायदा एकमतानं रद्द केला. बेकायदा मजकूर म्हणावा तसा कमी झालाच नव्हता, लोक परदेशी संकेतस्थळांवर निघून गेले.

आणि आपलं पालघर विसरलात? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या मुंबई बंदवर एका मुलीनं फेसबुकवर स्वतःच्या नावानं लिहिलं, दुसरीनं नुसतं लाइक केलं. दोघींना अटक. ज्यावरून अशा अटका व्हायच्या ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द व्हायला २४ मार्च २०१५ उजाडावा लागला.

खानावळ_कर्वेरोड
वकीलसाहेब, तुमची पहिली तारीख लागेपर्यंत माझा गॅस बंद झालेला असतो.

डेक्कन_तिसरामजला
नाव दिल्यावर काय होतं ते मी सांगतो. गणपतीआधी नदीपात्रात ढोलाचा सराव सुरू होतो. वडिलांची बायपास झालेली, खिडक्या लावल्या तरी काचा थरथरतात. ११२ ला फोन केला, नाव विचारलं, दिलं. तासाभरात पथकातली पोरं खाली. 'दादा, फोन तुम्हीच केलात ना?' शिवी नाही, काही नाही. नुसती पार्किंगमध्ये गाड्यांवर बसून राहिली. माझं नाव त्यांना दिलं कुणी?

ताशेवाला_कसबा
झालं, आले पथकांवर! नदीपात्र सोडून सराव कुठं करायचा, बाल्कनीत? ऑफिस सुटल्यावर पोरं-पोरी येतात, हाताला फोड येईपर्यंत वाजवतात, दहाच्या आत बंद करतात. १२ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं एका पथकात ३० जणांच्या मर्यादेला स्थगिती दिली, तेव्हा सरन्यायाधीशच म्हणाले की ढोलताशा पुण्याचं हृदय आहे. डीजेच्या भिंतींना बोला की जरा.

डेक्कन_तिसरामजला
हृदयाचं मला सांगू नका, घरात हृदयाचाच पेशंट आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तुमचा एक ढोल तरी बसतो का त्यात?

ताशेवाला_कसबा
५५ मध्ये तुमचा मिक्सरसुद्धा बसत नाही.

कर्वेनगर_जुने
म्हात्रे पूल ते राजाराम पूल एकदा लग्नसराईत राहून दाखवा. ढोल दीड महिना, लॉनवरचे बँजो सहा महिने. वरात रस्त्यातच नाचते, ॲम्ब्युलन्स मागं अडकते. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

ताशेवाला_कसबा
हे कसं बोललात!

डेक्कन_तिसरामजला
विषय बदलू नका. पोरं माझ्या दारात का आली?

ताशेवाला_कसबा
यायला नको होती. आमच्या पथकात असं कुणी केलं तर त्याचा ढोल उतरवून घेतात. पण तुम्हीही फोन करण्याआधी एकदा खाली येऊन बोलायचं होतं. तोंड वळवून मारला असता ढोल.

कोर्टकचेरी
म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या भोंग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं पोलिसांना सांगितलं की आवाजाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख विचारू नका. नाव कळलं की तक्रार करणाऱ्यालाच त्रास होतो.

वसंतकाका, कोथरूड
फरक आहे. आवाज मीटरवर मोजता येतो, तक्रार कुणी केली यानं आकडा बदलत नाही. 'आमटीत झुरळ' कशावर मोजणार? तिथं बोलणारा कोण आणि तो तिथं जेवला होता का, हे कळायलाच हवं.

मुठाकाठ
हे मान्य. आरोप आणि मत वेगळे धरा. कुणाच्या धंद्यावर, चारित्र्यावर बोट ठेवणारा कोण हे पेपरला माहीत हवं. पण 'मेट्रोचं तिकीट महाग आहे' म्हणायला माझं आडनाव कशाला? आणि जबाबदारी संपादकाची, हे तुम्हीच वर म्हणालात काका. मग प्रतिक्रिया आधी वाचून मग टाकायला पेपरनं माणूस बसवावा. बातमीखालच्या भांडणावर त्यांना वाचक मिळतात, जाहिराती मिळतात, आणि आधार मागायचं आमच्याकडे?

वसंतकाका, कोथरूड
बरं. नाव पेपरकडे, वाचकाला टोपणनाव दिसू दे. इतपत येतो मी. पण माणूस बसवणार असतील तरच.

पेठेतला_भाडेकरू
आधार तरीही नाही. मोबाइल नंबर पुरे. साडेतीन कोटी लोकांचं वर वाचलंत ना?

खानावळ_कर्वेरोड
तुमची वाटणी चालू द्या. आरोप टाकणाऱ्याला एक ईमेल पुरला. तो काढून टाका म्हणायला गेले तेव्हा माझ्याकडे अन्न परवाना, पॅनकार्ड आणि भाडेकरार मागितला. गणपतीत दिलेली कागदपत्रं, ओळ दिवाळीतही तिथंच होती.

कोर्टकचेरी
स्क्रीनशॉटवर तारीख आणि लिंक दिसतेय का? असेल तर पाठवा. नोटीस मी काढतो, पैशांचं नंतर बघू.

खानावळ_कर्वेरोड
दिसतेय, रात्री पाठवते. पण नाव सक्तीचं करा, हे माझं म्हणणं तसंच आहे.