टॉर्निओ–हापारांडा: दोन देशांतलं हे जुळं गाव प्रत्यक्षात चालतं कसं?

नकाशावेडा:
फिनलंडचं टॉर्निओ आणि स्वीडनचं हापारांडा नकाशावर एकमेकांना चिकटलेली दिसतात. दोन्ही गावांचं सांडपाणी एकाच प्रकल्पात जातं, गोल्फचं मैदान सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलंय आणि दोन गावांमधल्या लोहमार्गाला चार रूळ आहेत, एवढं वाचलं. आता प्रश्न. चार रूळ का, तिनात का भागत नाही? इकडे राहून तिकडे नोकरी करणाऱ्याचा कर आणि सामाजिक विमा कुणाकडे? आणि सीमारेषाच चुकली असेल तर ती दुरुस्त कशी करतात? ‘मैत्रीपूर्ण संबंध’ वगैरे पत्रकी भाषा नको, यंत्रणा काय आहे ते हवंय.

सांधेवाला:
रुळांचं मी सांगतो. फिनलंडचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) १५२४ मिमी (रशियन साम्राज्याच्या काळापासूनचं), स्वीडनचं १४३५. फरक फक्त ८९ मिमी, आणि सगळी अडचण या ‘फक्त’मध्येच आहे. तीन रुळांत भागवायचं तर एक रूळ सामाईक ठेवून दुसऱ्या बाजूला दोन रूळ शेजारी-शेजारी बसवावे लागतात. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा खालचा पसरट तळच १५० मिमी रुंद असतो. म्हणजे ८९ मिमीवर दुसरा रूळ ठेवायला गेलात तर तळ एकमेकांवर चढतात, शिवाय रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या क्लिपांना जागा उरत नाही. आपल्याकडे ब्रॉडगेज १६७६ आणि मीटरगेज १०००, फरक ६७६ मिमी, त्यामुळे तिसरा रूळ आरामात मावायचा.

म्हणून तिथे दोन्ही मार्ग एकमेकांत सरकवून चार रूळ टाकलेत. याची किंमत अशी की दोन गेजच्या मध्यरेषा एका जागी येत नाहीत. फिनिश गाडी आणि स्वीडिश गाडी पुलावरून किंचित वेगवेगळ्या रेषेत जातात, तेव्हा बाजूची मोकळी जागा दोघींचा हिशेब धरून ठेवावी लागते. सांधे (गाडीचा मार्ग बदलायची जागा) तर विचारूच नका.

बरं, रूळ जुळवले तरी इंजिन अडतं. स्वीडनची वीज १५ किलोव्होल्ट, १६.७ हर्ट्‌झ, फिनलंडची २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्‌झ. सिग्नलही वेगळे. म्हणून माल सीमेवर एका वाघिणीतून दुसरीत चढवणं हा जुना उपाय. मिरजेला एकेकाळी तिन्ही गेज होते, ते ज्यांना आठवतं त्यांना या हमालीची कल्पना असेल. फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला आणि स्वीडन ७ मार्च २०२४ ला नाटोत आला, तेव्हापासून हा प्रश्न व्यापारापुरता राहिला नाही. रणगाडे स्वीडनमधून रुळांवरून आले तरी इथे येऊन थांबणार. २०२५ मध्ये फिनलंड सरकारने उत्तरेत युरोपीय गेज आणण्याच्या दिशेने पावलं टाकायचं ठरवलं ते यामुळेच. माझ्या मते काम लांबणार, कारण रूळ टाकणं सोपं, पण यार्डं बदलणं महाग.

करकचाट्या:
नोकरीचा भाग. इथे लोक हमखास एक चूक करतात: कर आणि विमा एकाच देशात असतील असं धरून चालतात. तसं नाही.

कर: नॉर्डिक देशांच्या (फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलँड) आपसातल्या करारात सीमाकामगारांसाठी वेगळी तरतूद आहे. सीमेला लागून असलेल्या नगरपालिकेत राहता, पलीकडच्या सीमालगतच्या नगरपालिकेत काम करता आणि नियमितपणे (साधारण आठवड्यातून एकदा तरी) घरी परतता, तर पगारावर कर फक्त राहत्या देशात. टॉर्निओत राहून हापारांडात काम, यात बसतं. तेच टॉर्निओत राहून स्वीडनमधल्याच लुलेओत काम केलं तर बसत नाही, कारण लुलेओ सीमेवर नाही. मग नेहमीचे दुहेरी-कर नियम.

विमा: हा युरोपीय संघाच्या ८८३/२००४ नियमावलीप्रमाणे, म्हणजे जिथे काम तिथे. त्यामुळे कर फिनलंडला, विमा स्वीडनला, असा तिढा पडतो. घरून काम वाढलं की आणखी एक पीळ: राहत्या देशात २५ टक्के किंवा जास्त काम झालं तर विमा राहत्या देशाकडे सरकतो. जुलै २०२३ पासूनच्या बहुदेशीय करारानुसार अर्ज करून, घरून काम ५० टक्क्यांच्या आत असेल तर, विमा मालकाच्या देशात ठेवता येतो. ए-१ प्रमाणपत्र (विमा कोणत्या देशाचा, याचा दाखला) आधी काढा, नंतर धावाधाव नको.

फिनलंडमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींसाठी: फिनलंडचा निवास परवाना म्हणजे स्वीडनमध्ये काम करायची मुभा नव्हे. शेंगेनमुळे (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, इतकंच. १९५४ पासूनचा सामाईक श्रमबाजार नॉर्डिक नागरिकांचा आहे.

नकाशावेडा:
वा, लुलेओचं उदाहरण नेमकं! सीमारेषा आणि सांडपाणी राहिलं.

होकायंत्र:
१८०९ च्या तहात स्वीडनने फिनलंड रशियाला दिला आणि सीमा टॉर्ने नदीच्या मुख्य प्रवाहावर ठरली. टॉर्निओ (स्थापना १६२१) या प्रवाहाच्या पश्चिमेला असूनही रशियाकडे गेलं. गाव हातचं गेल्यावर स्वीडनने आपल्या बाजूला हापारांडा उभं केलं, १८४२ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. म्हणजे या जुळ्यांची सुरुवात फाळणीतून आहे.

सीमा दुरुस्तीचा उत्तम नमुना मात्र दक्षिणेला, मार्केट नावाच्या खडकावर. ऑलंड समुद्रातलं जेमतेम साडेतीनशे मीटर लांबीचं हे बेट, १८०९ ची रेषा मधोमध. १८८५ मध्ये फिनलंडने दीपगृह बांधलं, ते नेमकं स्वीडनच्या अर्ध्यात. जमीन सरळ देऊन टाकावी तर क्षेत्रफळ घटणार, आणि किनारा हलवावा तर मासेमारीचे हक्क हलणार. १९८५ मध्ये तोडगा निघाला: दोघांचं क्षेत्रफळ तेवढंच, दोघांचा किनारा तेवढाच, फक्त रेषा बेटावर उलट्या इंग्रजी ‘एस’सारखी वळवून दीपगृह फिनलंडकडे. खुणा म्हणून खडकात भोकं पाडलीत. खांब रोवले तर लाटा आणि बर्फ ते ओढून नेतात. सीमेची पाहणी दर २५ वर्षांनी दोन्ही देश मिळून करतात, मागची २००६ मध्ये झाली.

सांडपाणी: दोन्ही गावं नदीच्या मुखाशी, घाण जाणार एकाच उपसागरात, मग दोन प्रकल्प कशाला? प्रकल्प हापारांडाच्या हद्दीत आहे आणि कंपनी दोन्ही नगरपालिकांच्या संयुक्त मालकीची. नदीसाठी १९७१ च्या कराराने सीमानदी आयोग नेमला, तेव्हा परवानेही तोच द्यायचा. २०१० मध्ये लागू झालेल्या नव्या करारात परवाने आपापल्या देशाच्या यंत्रणेकडे गेले. मासेमारीचे नियम त्या कराराला जोडलेले आहेत, एका काठावर जाळं बंद आणि दुसऱ्या काठावर सुरू, असं होऊ नये म्हणून.

करकचाट्या:
एक राहिलं, घड्याळ. फिनलंड एक तास पुढे. मुलाखत किंवा सरकारी भेट ठरवताना वेळेपुढे देश लिहाच. पूल ओलांडला की फोन आपणहून वेळ बदलतो आणि सीमेजवळ कधी पलीकडचा टॉवर पकडतो, तेव्हा गजर घरच्याच घड्याळावर लावलेला बरा.