अमेरिकेच्या उपाध्यक्षाकडे एवढी पॉवर आली कुठून?

पंचवटीकर: नमस्कार मंडळी. गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत काल यावरून जोरात चर्चा झाली. पुस्तकात एवढंच असतं की उपाध्यक्ष सिनेटचं (अमेरिकी संसदेचं वरिष्ठ सभागृह) अध्यक्षपद सांभाळतो आणि समसमान मतं पडली तरच स्वतः मत देतो. मग उपाध्यक्ष व्हान्स फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकला जाऊन युरोपला सुनावतात, त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या ओव्हल ऑफिसमध्ये युक्रेनच्या झेलेन्स्कींशी कॅमेऱ्यासमोर वाद घालतात, हे कुठल्या कलमात बसतं? मेन्सला (मुख्य परीक्षेत) आलं तर लिहायचं काय?

सिडको_वाचक: कलमात नाहीच भाऊ. आपल्या उपमुख्यमंत्र्यासारखं समज, घटनेत ते पदच नाही, खाती कुठली मिळाली त्यावर सगळं वजन. १९४५ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट अचानक वारले तेव्हा ट्रुमन उपाध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि अणुबॉम्बची पूर्ण माहिती त्यांना राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मिळाली, म्हणजे बघ किती बाजूला ठेवायचे. मग १९४९ मध्ये कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत जागा दिली. पण माझ्या मते खरा बदल १९७७ चा, राष्ट्राध्यक्ष कार्टरनी आपले उपाध्यक्ष मोंडेल यांना वेस्ट विंगमध्ये (व्हाइट हाऊसचा राष्ट्राध्यक्षाच्या ऑफिसचा भाग) ऑफिस दिलं, दर आठवड्याला दोघांचं जेवण, गुप्तचर माहितीही मिळायची. राष्ट्राध्यक्षाच्या दाराजवळ बसायला मिळणं हीच पॉवर, आणि पुढच्यांनी ती जागा सोडली नाही. उपाध्यक्ष चेनींनी तर धाकट्या बुशच्या काळात ऊर्जा धोरणापासून इराकपर्यंत सगळीकडे हात घातला.

नाशिकरोड_ताई: दादा बाकी पटलं, पण समसमान झाल्यावर उपाध्यक्ष देतो ते मत तुम्ही फारच हलक्यात घेतलंत. सिनेट ५०-५० असली की सगळं त्याच मतावर अडतं. व्हान्सच्या आधीच्या उपाध्यक्ष हॅरिसनी चार वर्षांत ३३ वेळा असं मत दिलं, एकोणिसाव्या शतकातल्या उपाध्यक्ष कॅल्हूनचा ३१ चा जुना विक्रम मोडला, २०२२ चा हवामान आणि औषधांच्या किमतींचा मोठा कायदा त्यांच्याच मताने पास झाला. व्हान्सच्या मताने हेगसेथ संरक्षणमंत्री झाले. हे तर थेट घटनेतलंच आहे ना? उत्तरात हे आलंच पाहिजे.

पंचवटीकर: ताई हे भारी. पण राष्ट्राध्यक्षाशी बिनसलं तर तो उपाध्यक्षाला काढू शकतो का?

सिडको_वाचक: नाही. मंत्र्याला काढता येतं, उपाध्यक्षाला नाही, तोही निवडून आलेला असतो, त्यामुळे महाभियोग हाच रस्ता. बैठकांना बोलावणं बंद करू शकतो, कामं काढून घेऊ शकतो, बस. ६ जानेवारी २०२१ ला संसदेत राष्ट्राध्यक्ष निवडणुकीची मतं मोजताना ट्रम्प यांचा केवढा दबाव होता की काही राज्यांची मतं मोजू नका, त्यांचेच उपाध्यक्ष पेन्स यांनी ऐकलं नाही, तसा अधिकारच मला नाही म्हणाले. मला तो माणूस त्या दिवशी फार मोठा वाटला, खरंच.

नाशिकरोड_ताई: आणि २०२२ च्या कायद्याने तर स्पष्टच केलं की मतमोजणीत उपाध्यक्षाचं काम फक्त औपचारिक. म्हणजे व्हाइट हाऊसमध्ये वजन वाढतंय आणि कायद्याने मात्र हात बांधले. पंचवटीकर, हा मुद्दा नक्की टाक.