रिव्हर्स घेताना बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक लागतात (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

दादा: काका, बोटीचा ट्रेलर पुढे जाताना एकदम मस्त चालतो, ब्रेकपण नीट लागतात, पण रिव्हर्स टाकून मागे ढकलायला गेलं की चाकं जाम. गाडी नुसती जोर करते आणि ट्रेलरचे टायर घासत जातात. सपाटीवर होतं, थोडा चढ लागला तर विचारूच नका. काय बिघडलं असेल?

नानाकाका: बिघडलंय असं लगेच धरू नकोस. तुझ्या ट्रेलरला सर्ज ब्रेक आहेत ना, म्हणजे गाडीतून ब्रेकची वायर येत नाही, गाडी हळू झाली की मागून ट्रेलर रेटतो, कपलर (ट्रेलरचं गाडीला अडकणारं तोंड) आत सरकतो, त्यातला मास्टर सिलेंडर (ब्रेक ऑइल दाबणारा पंप) दाबला जातो आणि ऑइलच्या प्रेशरने ब्रेक लागतात. आता तू रिव्हर्स घेतोस तेव्हापण कपलर तसाच आत दाबला जातो की. त्या बिचाऱ्या सिलेंडरला काय कळणार गाडी थांबतीये का मागे ढकलतीये, तो ब्रेक लावून मोकळा. ड्रम आहेत का डिस्क?

दादा: डिस्क.

नानाकाका: मग बरोबर. ड्रममध्ये फ्री-बॅकिंग प्रकार मिळतो, चाक उलटं फिरलं की शू आपोआप पकड सोडतात, वायरिंगची गरजच नाही. डिस्कला तशी सोय नाही, चाक कुठूनही फिरो पॅड चावणारच. म्हणून डिस्कवाल्या ट्रेलरवर कपलरजवळ ब्रेकच्या पाइपमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे करंटवर चालणारी झडप असते, गाडीच्या रिव्हर्स लाईटचा करंट मिळाला की ती चाकांकडे जाणारं ऑइल अडवते. त्यासाठीच प्लगला चारऐवजी पाच वायरी. प्लगचा फोटो टाक.

मामा: अरे एवढं कशाला, आमच्या ओळखीत एकाने ती पाचवी वायर पार्किंग लाईटला जोडलीये, पार्किंग लाईट लावायचे आणि बिनधास्त रिव्हर्स घ्यायचं, मस्त चालतं

नानाकाका: नाही हो भाऊसाहेब, हे कृपा करून कोणीच करू नका!! रात्री लाईट लावून रस्त्याला लागलात की तो सोलेनॉइड सतत चालू, म्हणजे पूर्ण प्रवासात ट्रेलरला ब्रेकच नाही, आणि मागे बोट धरून टनावारी वजन. कळणारपण नाही, कारण लाईट सगळे नीट लागतात. ज्यांनी केलंय त्यांना आजच फोन करून सांगा.

मामा: बापरे, हे लक्षातच आलं नव्हतं. सांगतो लगेच.

नानाकाका: आणि अजून एक जागा आहे जिथे भलेभले फसतात. अमेरिकन पद्धतीच्या पाच वायरींच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी अर्थिंगची (करंट परत जायची वाट), तपकिरी टेल लाईट, पिवळी डावीकडच्या इंडिकेटर-ब्रेक लाईटची, हिरवी उजवीकडच्या आणि निळी रिव्हर्सची. पण गाडीला सात पिनचा गोल सॉकेट असेल तर तिथली निळी इलेक्ट्रिक ब्रेकची असते!! तिथे रिव्हर्स मधल्या पिनवर येतो. रंग बघून निळीला निळी जोडली आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला करंट देणारा डबा) असला तर ब्रेक दाबला की सोलेनॉइडला करंट, म्हणजे नेमकं थांबायचंय तेव्हाच ट्रेलरचे ब्रेक बंद. युरोपियन १३ पिनमध्ये रिव्हर्स ८ नंबरला. म्हणून रंगावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक पिन मीटरने बघायची.

ताई: काका मी आत्ता दादाकडेच आहे, मल्टीमीटर आहे माझ्याकडे. नेमकं काय क्रमाने बघू?

नानाकाका: शाब्बास. दादाला गाडीत बसव, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद, फक्त इग्निशन ऑन. तू कपलरजवळ. पार्किंग लाईट, मग डावा इंडिकेटर, उजवा, मग ब्रेक, एकेक करून, सोलेनॉइडचा टक्क आवाज यायला नको. शेवटी पाय ब्रेकवरच ठेवून रिव्हर्स, तेव्हा मात्र टक्क यायलाच पाहिजे. ऑटोमॅटिक गाडीत पी वरून डी ला जाताना मधे आर लागतो तेव्हा क्षणभर टक्क होतं, ते ठीक आहे.

ताई: बाकी कशाला आवाज नाही, पण रिव्हर्सलापण नाही. सॉकेटच्या पाचव्या पिनवर १२ व्होल्ट येतायत की.

नानाकाका: प्लग लावून सोलेनॉइडच्या दोन वायरींवर मोज. नुसत्या पिनवर मोजलेले व्होल्ट फसवतात, लोड आला की खरं कळतं.

ताई: ३ च्या आसपास 😮

नानाकाका: मीटरचं काळं टोक आता थेट गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लाव, लाल टोक सोलेनॉइडच्या करंटवाल्या वायरीवरच राहू दे.

ताई: आता १२ च्या जवळ दाखवतोय

नानाकाका: सापडलं, अर्थिंग नीट नाहीये. करंट येतोय पण परत जायला वाट नाही. पांढरी वायर कुठे जोडलीये बघ, बहुतेक ट्रेलरच्या फ्रेमला गंजलेल्या स्क्रूखाली असणार, नाहीतर तुटली असेल आणि हिच बॉलमधून (गाडीमागचा गोळा, ज्यावर कपलर बसतो) कसंबसं चाललं असेल, त्या बॉलला तर ग्रीस फासलेलं. फ्रेम घासून चकचकीत कर, नवीन स्क्रू, आणि सोलेनॉइडचं अर्थिंग फ्रेमवर न सोडता वेगळ्या वायरीने थेट प्लगच्या पांढऱ्यापर्यंत आण. जोड वळून टेप गुंडाळलेला नको, क्रिंप करून वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. ट्रेलर पाण्यात बुडतो, त्यातही खारं पाणी असेल तर टेपखाली तांबं हिरवं व्हायला वेळ लागत नाही.

ताई: स्क्रू हातातच आला, गंजून पावडर झालेली. करते नीट.

दादा: आला आला टक्क आला!! आणि ट्रेलर मागे गेला. फक्त एकदा परत जाम झाला, जिथे मी आधी उतारावर थांबलो होतो.

नानाकाका: ते वायरिंगचं नाही. उतारावर थांबलास तेव्हा कपलर आधीच दाबलेला, प्रेशर चाकांपर्यंत गेलेलं, मग रिव्हर्स टाकल्यावर सोलेनॉइडने ऑइलची वाट अडवली की बऱ्याचदा ते प्रेशर आतच अडकतं. अशा वेळी थोडा पुढे घे, कपलर बाहेर ओढला जाऊ दे, अगदी हळू थांब, मग रिव्हर्स टाक, टक्क ऐक आणि मगच ढकल.

आत्या: नाना, पाण्यात नेताना लाईटचा प्लग काढतात ना? मग सोलेनॉइडला करंट कसा जाणार?

नानाकाका: अगदी बरोबर पकडलंस. तापलेला बल्ब गार पाण्यात गेला की तडकतो म्हणून प्लग काढतात. सीलबंद एलईडी असतील तर काढूच नये. जुने बल्ब असतील तर ट्रेलर रॅम्पच्या उतारावर येईपर्यंत प्लग ठेवायचा आणि मग काढायचा, कारण उतारावर ट्रेलर स्वतःच मागे ओढतो, कपलर दाबला जातच नाही. बाहेर काढल्यावर मात्र रस्त्याला लागण्याआधी प्लग परत लावायचा.

दादा: म्हणजे रॅम्पवर ट्रेलरचे ब्रेक लागलेलेच नसतात??

नानाकाका: नसतात. बोट, ट्रेलर, गाडी सगळं फक्त गाडीच्या ब्रेकवर उभं असतं, आणि रॅम्प शेवाळाने निसरडा. म्हणून हँडब्रेक पूर्ण ओढायचा, गाडीच्या मागच्या चाकांना खालच्या बाजूने ठोकळे लावायचे, आणि कोणीतरी गाडीत बसलेलं असू दे. ती ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटला की ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी) ओढून पार्किंग ब्रेकसारखी वापरायची नाही, ती ट्रेलर सुटला तर त्या प्रसंगासाठी आहे.

ताई: ठोकळे मी आणते, दोराला बांधलेले, म्हणजे वर ओढून घेता येतील.