शेठकडे पॉलिसी नाही, भाच्याची दोन बोटं गेली, स्टँप पेपरवर सही करू द्यायची का?

सातारकर_मामा

माझा भाचा भोसरीत एका छोट्या प्रेसशॉपमध्ये (मशीनखाली पत्रा दाबून पार्ट काढतात ते वर्कशॉप) चार वर्षं कामाला आहे, वय ३०, पगार १४ हजार, त्यातला अर्धा जीपेवर अर्धा हातात. सप्टेंबर २०२५ मध्ये रात्रपाळीला प्रेसनं डबल स्ट्रोक मारला, म्हणजे पायडलवरनं पाय काढला होता तरी प्रेस परत खाली आली, आणि उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. सुपरवायझरनं त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, बोटं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण जोडता आली नाहीत.

शेठनं ६२ हजार बिल भरलं, हे खरंय, नाकारत नाही. पण आता म्हणतो माझ्याकडे कामगारांची पॉलिसी नाही, त्यामुळे कायद्यानं काही मिळणार नाही, माणुसकी म्हणून ६० हजार देतो, आणि स्टँप पेपर घेऊन घरी आला. त्यात लिहिलंय "यापुढे माझी कुठलीही तक्रार राहिलेली नाही". बहीण सही करा म्हणतेय कारण घरात तीन महिने पगार नाही. माझं मत सही करू नये. पॉलिसी नाही ही शेठची अडचण आहे, भाच्याची नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, विरोधात असलं तरी लिहा.

लेबरकोर्ट_वारी

मामा, सही अजिबात नको. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात जबाबदारी मालकाची आहे, विमा कंपनीची नाही. पॉलिसी असली तर कंपनी त्याच्या वतीनं पैसे भरते, नसली तर त्याच्या खिशातून जातात, एवढाच फरक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय पण तुमचा अपघात सप्टेंबरचा, म्हणून जुनाच कायदा.

हिशोब करून बघा. पगाराचे ६० टक्के म्हणजे ८,४०० गुणिले वयाचा आकडा, ३० वर्षांना तो २०७.९८ आहे, झाले १७ लाख ४७ हजार. एका हाताची दोन बोटं गेली की कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरतात, म्हणजे जवळपास ३ लाख ४९ हजार. आणि शेठनं भरलेलं दवाखान्याचं बिल यातून वजा होत नाही, तो खर्च वेगळा. समोर ठेवलेत ६० हजार!

पंचवीस_टनाचा_मालक

मी स्वतः प्रेसशॉप चालवतो, चाकणच्या बाजूला, म्हणून मालकाची बाजू लिहितो, राग आला तरी वाचा. साडेतीन लाख ही रक्कम कागदावर सोपी वाटते. माझ्यासारख्याला मोठी कंपनी ९० दिवसांनी पेमेंट करते, बँकेचा हप्ता पाच तारखेला जातो, आणि पीसला पैशापैशांनी रेट तोडतात. त्या शेठकडे एकदम साडेतीन लाख नसतीलच. केस टाकली तर तो शॉप बंद करून मशिनरी विकेल, मग भाच्याला ६० हजार पण नाही आणि बाकीच्या पोरांचं काम पण गेलं. त्यापेक्षा बसून बोला, दीड लाखापर्यंत न्या, आणि त्याच शॉपमध्ये स्टोअरला किंवा पॅकिंगला कायम ठेवतो असं लिहून घ्या. एक हात अधू झालेल्या माणसाला भोसरीत नवीन ठिकाणी कोण घेतं सांगा. मी पॉलिसी दरवर्षी काढतो, पण ज्याच्याकडे नाही तो प्रत्येक जण लबाडच असतो असं नाही.

लेबरकोर्ट_वारी

मालकसाहेब, पॉलिसी तुम्ही काढता, मग त्या शेठला का जमली नाही? कंपनी रेट तोडते हा राग बरोबर आहे, पण तो पोराच्या बोटांतनं वसूल करायचा नसतो. आणि शॉप बंद केलं म्हणून देणं संपत नाही, निकाल लागला की महसुली थकबाकीसारखी वसुली होते. देय झाल्यावर महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर कारण न पटल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड.

इचलकरंजीचा_थोरला

व्याज दंड सगळं बरोबर, पण किती वर्षांनी ते पण सांगा ना. माझ्या धाकट्या भावाचं मनगट मागात अडकलं, आम्ही केस टाकली, चार वर्षं तारखा. मालक म्हणाला हा माझ्याकडे कामालाच नव्हता. हजेरी नाही, पगाराची पावती नाही, शेजारच्या मागावरची माणसं साक्षीला यायला तयार नाहीत कारण त्यांना तिथंच काम करायचंय. वहिनी भाकरीचं पीठ उसनं आणायची त्या दिवसांत. शेवटी मिळाले पैसे, व्याजासकट मिळाले, पण मधल्या चार वर्षांत भावाचा मोठा मुलगा दहावीनंतर शाळेतनं काढावा लागला, ते कुठलं कोर्ट भरून देणार. मी केस करू नका म्हणत नाही, पण घरात सहा महिने चूल कशावर पेटणार ते आधी ठरवा आणि मग बोला. मामा, तुमच्या बहिणीला मूर्ख समजू नका.

सातारकर_मामा

नाही समजत दादा. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. बहिणीला दर महिन्याला मी आणि धाकटा मिळून काही देऊ असं काल ठरवलं.

वाशीची_नर्स

मी कॅज्युअल्टीत काम करते म्हणून एक विचारते. केसपेपरवर हिस्ट्री काय लिहिलीय ते कुणी बघितलं का? आमच्याकडे अशी बोटं घेऊन माणसं येतात तेव्हा सोबत आणणारा सुपरवायझरच बोलतो, पेशंट वेदनेनं अर्धा बेशुद्ध असतो, आणि "बाईकच्या चेनमध्ये बोट गेलं" असं सांगितलं जातं. तेच लिहिलं जातं. नंतर तो एक ओळीचा कागद सगळ्या केसवर पाणी फिरवतो.

सातारकर_मामा

ताई, आत्ता कपाटातनं फाईल काढून बघितली. "घरी दरवाजात बोट चेमटलं" असं लिहिलंय!! आणि एमएलसी, म्हणजे दवाखान्यानं पोलिसांसाठी करायची नोंद, केलेलीच नाही. दोन बोटं मुळापासनं दरवाजात जातात का हो?

वाशीची_नर्स

हेच. तो कागद खोडायला किंवा बदलून आणायला जाऊ नका. पोलीस चौकीत लेखी अर्ज द्या, खरं काय घडलं ते तारीख पाळी मशीन सगळं लिहून, पोच घ्या. त्या रात्री ज्यानं बोटं पिशवीत भरली त्याचं नाव त्यात येऊ द्या. शेठला नोटीस पण लेखीच द्या. आणि जीपेचे चार वर्षांचे पगाराचे मेसेज, व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्या सेकंड शिफ्टला ये" असले मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढून दुसऱ्या फोनमध्ये ठेवा. इचलकरंजीच्या दादांकडे जे नव्हतं ते तुमच्याकडे आहे.

कष्टकरी_कट्टा

माझं मत वेगळं, छोट्या शेठच्या मागे लागण्यापेक्षा माल ज्या मोठ्या कंपनीचा त्यांच्यावर दावा लावा, कायद्यात मूळ मालक जबाबदार धरता येतो.

लेबरकोर्ट_वारी

कलम १२ म्हणताय ना, ते इथं चालणार नाही. अपघात मूळ मालकाच्या आवारात किंवा ताब्यातल्या जागेत झाला पाहिजे. कंपनीच्या गेटच्या आत ठेकेदाराचा माणूस असता तर नक्की धरलं असतं. शेठच्या स्वतःच्या शेडमधलं जॉबवर्क त्यात बसत नाही.

कष्टकरी_कट्टा

बरं, मग प्रधानमंत्री सुरक्षा विमा? वर्षाला २० रुपये कापतात, भाच्याच्या खात्यातनं कापले असतील तर क्लेम करा.

लेबरकोर्ट_वारी

त्यात मृत्यूला २ लाख, आणि एक हात, पाय किंवा डोळा पूर्ण गेला तर १ लाख. दोन बोटांना काही नाही. मामांना खोटी आशा नको.

पंचवीस_टनाचा_मालक

एक विचारू का, भाच्यानं गार्ड काढून ठेवला होता का? टू हँड बटण, म्हणजे दोन्ही हातांनी दाबायचं बटण, सोडून पायडलवर चालवायची सवय पोरांना असते, पीस जास्त निघतात म्हणून. तसं असेल तर शेठ सुटतो.

सातारकर_मामा

गार्ड त्या मशीनला कधी नव्हताच. टू हँड बटण पण नाही, पायडलच आहे. क्लच घसरतोय असं भाच्यानं दोनदा सांगितलं होतं, "दिवाळीत काम करून घेऊ" असं उत्तर.

लेबरकोर्ट_वारी

मग तो बचाव संपला. कामगाराचा नुसता निष्काळजीपणा चालत नाही, मुद्दाम गार्ड काढला किंवा नियम मोडला हे सिद्ध करावं लागतं. आणि २० टक्के म्हणजे वरची मर्यादा समजू नका. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टात एका सुताराची केस आली होती, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणे टक्के कमी होते, पण एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून १०० टक्के धरले. भाच्याचा उजवा हात आहे, प्रेस ऑपरेटर आहे, हा मुद्दा मांडा.

आता एक महत्त्वाचं. शॉपमध्ये माणसं किती?

सातारकर_मामा

शेठ सात म्हणतो.

लेबरकोर्ट_वारी

शेठ म्हणतो ते सोडा, तुम्ही डोकी मोजा. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी दहा असतील तर विजेवर चालणारा कारखाना ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, येतो, पगार २१ हजाराच्या आत असला की झालं. नोंदणी केली नसली तरी कामगाराचा हक्क जात नाही, महामंडळ फायदा देऊन मालकाकडून वसूल करू शकतं.

सातारकर_मामा

मोजली. भाचा अंथरुणावर बसून बोटांवर मोजत होता, डाव्या हाताच्या. दिवसपाळी सहा, रात्री तीन, आणि बर, म्हणजे पार्टच्या धारदार कडा, घासायला येणाऱ्या दोन बायका, ठेक्यावर. अकरा झाले.

लेबरकोर्ट_वारी

मग गाडी वळली. ईएसआय लागू असेल तर १९२३ च्या कायद्याखाली शेठवर दावा चालत नाही, साडेतीन लाखाचा हिशोब विसरा. त्याऐवजी कायम अपंगत्वाची पेन्शन, ९० टक्के पगाराचे २० टक्के, महिन्याला साधारण अडीच हजार, आयुष्यभर. शिवाय त्या घरी बसलेल्या महिन्यांचा ९० टक्के पगार.

इचलकरंजीचा_थोरला

अडीच हजारात काय होतं? एकरकमी असते तर टपरी तरी टाकली असती.

वाशीची_नर्स

दादा, वर्षाला तीस हजार, बारा वर्षांत साडेतीन लाख ओलांडतात आणि पोरगा ३० चा आहे. एकरकमी पैसा घरात कर्जदार उभा असला की आठवडाभर टिकत नाही.

इचलकरंजीचा_थोरला

ते खरंय, पण आठवड्याचा का होईना हातात दिसतो. मला अजून पटत नाही.

पंचवीस_टनाचा_मालक

त्या दोन बायकांना शेठ आता उद्यापासून येऊ नका म्हणेल, हे लक्षात ठेवा. मी मालक आहे म्हणूनच सांगतोय, त्यांचे जबाब आधी घ्या. आणि तडजोड करायचीच असेल तर ती ईएसआयचं काय ते कळल्यावर. ते लागू नाही निघालं तर कोर्टाच्या आयुक्तांकडे नोंदवून करा, नुसत्या स्टँप पेपरवर मी सुद्धा करणार नाही.

लेबरकोर्ट_वारी

हे एक बरोबर बोललात. हक्क सोडल्याचा करार कायद्यात रद्दच असतो, पण सही केलेला माणूस सगळं संपलं समजून घरी बसतो आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत निघून जाते. मामा, वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

सातारकर_मामा

उद्या सकाळी आधी त्या दोघींच्या घरी जातोय, एक दिघीला राहते. तिथनं चौकी, मग ईएसआयचं ऑफिस. स्टँप पेपर अजून टीव्हीखाली ठेवलाय, सही न करता. शेठचा आत्ताच फोन आला होता, ८० हजार म्हणाला.