मदत हवी आहे: पहिलं बाळंतपण, तारीख नेमकी विसर्जनाच्या आसपास, शेवटचे तीन महिने कसे असतात?

मैत्रिणींनो, ताया, काकू, सगळ्यांनाच विचारतेय. मला ३० वा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. आम्ही नारायण पेठेत राहतो, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख बरोब्बर अनंत चतुर्दशीच्या आसपास येतेय. आत्तापर्यंत त्याचं काही वाटलं नव्हतं पण परवा पालखीसाठी रस्ते बंद होते तेव्हा सोनोग्राफीला जायला केवढा वळसा पडला, आणि तेव्हापासून डोक्यात तेच, की विसर्जनाच्या रात्री कळा सुरू झाल्या तर करायचं काय? लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड सगळीकडे मिरवणुका, आणि त्या दुसऱ्या दिवशीपर्यंत संपत नाहीत.

दुसरं म्हणजे शरीराचं. सातव्यापर्यंत मी मस्त होते, आता दोन जिने चढले की धाप लागते, जेवलं की छातीत जळजळ, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. संध्याकाळी पाय इतके सुजतात की जोडवी रुतायला लागली, शेवटी साबण लावून काढली. मधूनच पोट दगडासारखं घट्ट होतं आणि थोड्या वेळाने आपोआप सैल पडतं, दुखत नाही पण भीती वाटते. यातलं नॉर्मल काय आणि फोन कधी करायचा?

शिवाय सोनोग्राफीत बाळ पायाळू आहे असं आलंय, तेव्हापासून सासूबाई गप्पगप्प आहेत. त्या असंही म्हणतात की शेवटी शेवटी बाळ कमीच हलतं, जागा नसते त्याला. खरंय का? आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच, साताऱ्याला ये. मला मात्र इथल्याच डॉक्टरांकडे राहावंसं वाटतंय, काहीच ठरत नाहीये.

प्रतिसाद (दोन मुलांची आई, कोथरूड):

अगं आधी ते हलण्याचं, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. शेवटी बाळाची हालचाल कमी होते हे खरं नाही. लाथा मारण्याची पद्धत बदलते, वळवळ, ढुशा जास्त जाणवतात, पण हालचाल कमी व्हायला नको. मला डॉक्टरांनी सांगितलेलं की जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं, दोन तासांत दहा वेळा तरी हललं पाहिजे. आणि तेवढं मोजून भरलं तरी बाळ रोजच्यापेक्षा गप्प वाटलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी जायचं. गोड खाऊन बघू, सकाळपर्यंत थांबू असं अजिबात करू नको.

पोट घट्ट होतं त्या सरावाच्या कळा. पाणी पिऊन कुशीवर पडलं की जातात, त्यांना ठरावीक अंतर नसतं. पण तासाभरात चार-पाच वेळा व्हायला लागलं, कंबर दुखायला लागली तर ३७ आठवडे व्हायच्या आत ते अंगावर काढायचं नाही, लगेच दाखवायचं. संध्याकाळी पायांना सूज बहुतेकींना येते, पण सकाळी उठल्यावर चेहरा, हात सुजलेले दिसले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, बरगडीखाली उजवीकडे दुखतंय तर बीपी वाढलेलं असू शकतं, तेव्हा थेट हॉस्पिटल. तळहात-तळपायांना रात्री खूप खाज सुटली तरी सांग, लिव्हरची तपासणी करतात. रक्तस्राव झाला किंवा पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं.

पायाळूचं आत्तापासून मनाला लावून घेऊ नकोस. तिसाव्याला बरीच बाळं तशी असतात आणि ३६ च्या आसपासपर्यंत बहुतेक फिरतात. नाही फिरलं तर डॉक्टर तेव्हा बोलतील. सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा, त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचाही जीव भांड्यात पडेल. आणि जळजळीसाठी थोडं थोडं खा, रात्रीचं लवकर जेव. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची एकत्र घेऊ नको, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

प्रतिसाद (शनिवार पेठेत वाढलेली):

विसर्जनाचं मी सांगते, माझ्या वहिनीचं असंच होतं. मिरवणुकीत अँब्युलन्सला लोक वाट करून देतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, १०८ ला फोन केला तर ती फुकट असते. पण त्यावर भिस्त ठेवू नकोस, कारण अँब्युलन्स तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येईल, पुढे ढोल-ताशातून तुला चालत जावं लागेल आणि त्याआधी जिने आहेतच. वहिनी चतुर्दशीच्या आदल्या दिवशीच कर्वेनगरला मावशीकडे जाऊन राहिली, मिरवणूक संपल्यावर परत आली. तारीख म्हणजे फक्त अंदाज असतो गं, ३७ नंतर कधीही होऊ शकतं, त्यामुळे पूर्ण गणपतीच पेठेबाहेर काढलेस तर उत्तम. पहिलटकरणीला साधारण पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघ म्हणतात, तुझ्या डॉक्टरांना विचार की रस्ते बंद असताना याहून आधी निघू का.

माहेरी जायचं असेल तर आत्ताच ठरव. साताऱ्याच्या डॉक्टरांनी एक-दोनदा तरी तपासलेलं असावं, सगळे रिपोर्ट, रक्तगट, फाइल सोबत. छत्तिसाव्याला घाटातून प्रवास आणि नवीन डॉक्टर हे दोन्ही एकदम नको.

मूळ प्रश्नकर्ती:

दोघींनाही मनापासून थँक्यू, काल रात्री जेवणानंतर कुशीवर पडून मोजलं, बाळ छान हलत होतं. आईशी बोलले, ती साताऱ्याहून इकडे येतेय आणि गणपतीत आम्ही वारज्याला नणंदेच्या फ्लॅटवर राहू, तिथे लिफ्ट आहे. सासूबाई पुढच्या तपासणीला येणारेत. आता एकच सांगा, बॅग कितव्या आठवड्यात भरून ठेवलीत, आणि झबली-दुपटी सोडून बाळासाठी आणखी काय लागलं? आमच्याकडे बाळाच्या आधी काही विकत आणायचं नाही असं मानतात, म्हणून नणंदेकडची जुनी धुऊन ठेवणार आहे.